वर्गात इंटरनेट: केंद्रातल्या शिक्षकांचं प्रशिक्षण कसं घ्यावं

केंद्रातल्या, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या एका गटातल्या, पंधरा-वीस शिक्षकांना वर्गात इंटरनेट वापरायला शिकवायची जबाबदारी ज्यांच्यावर येते, त्या केंद्रप्रमुख, साधनव्यक्ती, विषयतज्ज्ञ आणि तंत्रस्नेही शिक्षकांसाठी हा लेख आहे. अशा प्रशिक्षणाचा नेहमीचा साचा सगळ्यांना पाठ आहे. सकाळी हजेरी आणि चहा, मग पडद्यावर एकामागून एक वीस अ‍ॅप, सगळ्यांच्या वहीत लिंकांची यादी, शेवटी ग्रुप फोटो. सोमवारी शाळा भरते तेव्हा त्या यादीतलं नेमकं काय, कोणत्या तासाला, कोणत्या घटकासाठी उघडायचं हे कुणाला सांगता येत नाही आणि यादी वहीतच राहते.

माझा आग्रह एकच आहे. प्रशिक्षणाची सुरुवात तासिकेपासून करा. प्रत्येक शिक्षकाने आपल्या वर्गात पुढच्या महिन्यात येणारा एक अवघड घटक घेऊन यावं आणि त्या घटकाचा एक तयार पाठ घेऊन परत जावं. तो पाठ खरोखर वर्गात घेतला जावा, कुणीतरी तो पाहावा आणि त्यावर पुन्हा बसून बोलणं व्हावं. एक पाठ असा पूर्ण झाला की पुढची साधनं शिक्षक आपण होऊन शोधतात.

त्यासाठी वेळेची आखणी अशी ठेवा: प्रशिक्षणाआधी शाळाभेटी, मग पूर्ण एक दिवस, त्यानंतर दोन-तीन आठवडे वर्गात काम, पुन्हा अर्धा दिवस आणि पुढच्या दोन शिक्षण परिषदांमध्ये (केंद्रातल्या शिक्षकांच्या नेहमीच्या बैठकांमध्ये) प्रत्येकी तासभर. हे सगळं सलग दोन दिवसांत उरकण्याचा मोह होईल. तो टाळा. परीक्षा, सर्वेक्षणं, निवडणुकीची कामं यांच्या तोंडावरही हे घेऊ नका.

आधी शाळा पाहून या

केंद्रातल्या शाळा एकसारख्या नसतात. एका शाळेत लोकवर्गणीतून आलेला स्मार्ट टीव्ही आणि ब्रॉडबँड असतं. दुसरीत टीव्ही आहे, पण वीजबिल थकल्याने मीटर बंद आहे. तिसरी द्विशिक्षकी शाळा डोंगरापलीकडे आहे आणि तिथे रेंज फक्त शाळेच्या ओट्यावर, एका कोपऱ्यात येते. या तिघींना एकच प्रशिक्षण दिलं तर तिसरीचे शिक्षक दिवसभर मान डोलावतील आणि घरी जातील.

म्हणून प्रत्येक शाळेत अर्धा तास जा आणि चार गोष्टी स्वतः तपासा. वर्गात बसून एखादं पान उघडायला किती वेळ लागतो? वीज कोणत्या वेळी जाते? मोबाइल टीव्हीला किंवा प्रोजेक्टरला जोडायची केबल आहे का, आणि ती कुणाच्या कपाटात, कुणाच्या किल्लीखाली आहे? डेटा पॅकचे पैसे कोण भरतं? शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण शिक्षकाच्या खिशातून जाणाऱ्या रिचार्जवर कोणताही उपक्रम वर्षभर टिकत नाही. मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समिती यांच्याशी शाळा अनुदानातून किंवा ग्रामपंचायतीच्या निधीतून ही सोय होईल का, हे प्रशिक्षणाआधीच बोलून घ्या.

याच भेटीत शिक्षकांना विचारा, ‘सर, पुढच्या महिन्यात मुलांना न कळणारा घटक कोणता?’ आणि उत्तर लिहून घ्या. ‘विज्ञान’ किंवा ‘भूगोलाचा तिसरा धडा’ एवढं पुरत नाही. ‘समोच्चरेषा (नकाशावर सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) जवळजवळ आल्या की चढ तीव्र असतो, हे मुलं पाठ करतात पण नकाशा दिला की सांगता येत नाही’ असं उत्तर हवं. बहुतेक शिक्षकांना अडचण अशी नेमकी सांगता येते. आजवर त्यांना तसं कुणी विचारलेलं नसतं, इतकंच.

इंटरनेट कुठे हवं, कुठे नको

प्रशिक्षणाचा पहिला तास याच प्रश्नाला द्या आणि या तासात एकही फोन बाहेर काढू देऊ नका. शिक्षकांनी आणलेले घटक फळ्यावर लिहा आणि प्रत्येकाला तीन प्रश्न लावा. ही गोष्ट वर्गात किंवा आवारात प्रत्यक्ष दाखवता येते का? पुस्तकातल्या चित्राने काम भागतं का? आणि ती गोष्ट बदलणारी, फार दूरची, फार मोठी किंवा डोळ्यांना न दिसणारी आहे का? पहिल्या दोन प्रश्नांना ‘नाही’ आणि तिसऱ्याला ‘हो’ असं उत्तर आलं तरच तो घटक इंटरनेटकडे न्यायचा.

बियांचं अंकुरण दाखवायला व्हिडिओ नको, ओल्या फडक्यात मटकी बांधा. साधा विद्युत परिपथ शिकवायला सेल, बल्ब आणि वायर मुलांच्या हातात द्या. बल्ब पेटवून झाल्यावर मुलं विचारतील, ‘तारेतून जातं काय?’ तिथे सदृशीकरण (सिम्युलेशन, म्हणजे पडद्यावर करून पाहायचा प्रयोग) उपयोगी पडतं. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेल्या ‘फेट’ या प्रकल्पाची सदृशीकरणं मोफत आहेत आणि त्यांतली बरीच मराठीतही आहेत. तिथल्या परिपथात इलेक्ट्रॉन सरकताना दिसतात, बॅटरीचा दाब वाढवला की ते जोरात सरकतात. खऱ्या बल्बने हे दाखवता येत नाही. आधी खरा बल्ब, मग पडद्यावरचा. हा क्रम उलटा झाला की परिपथ म्हणजे मोबाइलमधला खेळ असं मुलांना वाटू लागतं.

समोच्चरेषांचा घटक मात्र पडद्यासाठीच असावा असा आहे. ‘ओपनटोपोमॅप’ या मोफत नकाशावर हरिश्चंद्रगड शोधा. कोकणकड्यापाशी रेषा एकमेकींना चिकटलेल्या दिसतात. मग तीच जागा गूगल अर्थवर उघडा आणि दृश्य तिरकं करा. कडा सरळ खाली कोसळतो. नकाशा आणि दृश्य दोन-तीन वेळा आलटून पालटून दाखवलं की एरवी अर्धा तास लागणारं स्पष्टीकरण पाच मिनिटांत होतं. त्यानंतर आपल्या गावाजवळची टेकडी घ्या. मुलांना आधी स्वतःच्या घराचं छप्पर पाहायचं असतं. थोडा वेळ पाहू द्या, त्याशिवाय त्यांचं लक्ष टेकडीकडे जाणार नाही.

या तासाच्या शेवटी निम्म्या शिक्षकांच्या घटकांना इंटरनेट लागत नाही असं निघालं तरी हरकत नाही. त्यांनी दुसरा घटक निवडावा. कधी वापरायचं नाही हे ज्याला ठरवता येतं, तो शिक्षक पुढे भरवशाने वापर करतो.

हात ज्याचा त्याचा

यानंतर सगळं काम शिक्षकांच्या स्वतःच्या फोनवर किंवा शाळेच्या टॅबवर करून घ्या. जोड्या लावा, पण सराईत शिक्षकाबरोबर अगदी नवखा शिक्षक बसवायचा असेल तर एक नियम कडकपणे पाळा: मदत करणाऱ्याने आपले हात मागे बांधायचे. बोलून सांगायचं, फोन हातात घ्यायचा नाही. निवृत्तीला चार-पाच वर्षं उरलेल्या बाईंच्या हातातला फोन तरुण सर घेतात, झटपट काहीतरी दाबतात आणि ‘झालं बघा बाई’ म्हणून परत देतात. त्यात बाईंच्या पदरी काहीच पडत नाही, उलट ‘हे आपलं काम नव्हे’ ही समजूत घट्ट होते. ‘बाई, तुम्हीच दाबा, मी सांगतो’ असं म्हणणारा सोबती हवा. याच बाईंना मुलं कुठे अडतात याची सर्वांत चांगली जाण असते आणि पाठाची आखणी सुरू झाली की त्या तरुणांच्या पुढे जातात. त्यांना तिथपर्यंत टिकवून ठेवणं हे प्रशिक्षकाचं काम आहे.

सुरुवातीला बारीकसारीक गोष्टी पक्क्या करून घ्या: मराठीत बोलून टाइप करणं, स्क्रीनशॉट काढून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवणं, केबलने किंवा केबलशिवाय फोन टीव्हीला जोडणं, एका फोनचं नेट हॉटस्पॉटने दुसऱ्याला देणं, आणि टीव्हीला जोडण्याआधी फोनवरच्या सूचना बंद करणं. शेवटची गोष्ट विसरलात तर घरगुती व्हॉट्सअ‍ॅप संदेश चाळीस मुलांसमोर झळकतात.

शोध घ्यायला शिकवणं

मराठीत शोध घेतला की परीक्षेच्या नोट्स विकणारी आणि एकमेकांची नक्कल केलेली पानं वर येतात. त्यामुळे ‘मराठीत काही मिळतच नाही’ असा समज होतो. तो दूर करायला चार सवयी लावाव्या लागतात.

पहिली, शब्द बदलून पाहायचा. ‘समोच्च रेषा’ आणि ‘समोच्चरेषा’ यांचे निकाल वेगळे येतात. दुसरी, नेमका वाक्प्रयोग अवतरणचिन्हांत टाकायचा. तिसरी, शोधताना संस्थेचं नाव जोडायचं: ‘बालभारती’, ‘विश्वकोश’, ‘हवामान विभाग’, ‘जलसंपदा विभाग’. चौथी, मराठीत खरंच काही नसेल तर इंग्रजी संज्ञेने शोधायचं. इंग्रजी संज्ञा ठाऊक नसेल तर राज्याच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश ऑनलाइन शोधता येतात. सापडलेलं इंग्रजी पान भाषांतराच्या सोयीने स्वतः समजून घ्यावं, पण ते भाषांतर तसंच मुलांपुढे ठेवू नये. यंत्राची मराठी वाचून मूल अडखळतं आणि दोष स्वतःला देतं.

काही ठिकाणं प्रत्येकाच्या फोनवर तिथेच उघडून घ्या. ई-बालभारतीवर पाठ्यपुस्तकं मोफत उतरवता येतात. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘दीक्षा’वर पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करून त्या धड्याचं साहित्य मिळतं. (पुस्तकांना क्यूआर कोड जोडण्याचं काम सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले यांनी फार आधी केलं होतं, २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला.) मराठी विश्वकोश संपूर्ण वाचता येतो. अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर टाकाऊ वस्तूंपासून करायची विज्ञान-खेळणी आणि मराठीतली अनेक पुस्तकं आहेत. भारतीय हवामान विभागाच्या संकेतस्थळावर ढगांची ताजी उपग्रह चित्रं असतात. जून-जुलैत मान्सूनचा धडा शिकवताना त्याहून चांगलं साहित्य मला तरी दुसरं सुचत नाही. यादी इथेच थांबवा. जास्त दिलंत की काहीच वापरलं जात नाही.

लोणारचं वय किती? पडताळणीचा सराव

सगळ्या प्रशिक्षणात सर्वांत जास्त वेळ कशाला द्यावा असं मला विचाराल तर याला. वर्गात मूल म्हणतं, ‘सर, नेटवर असं लिहिलंय.’ तेव्हा शिक्षकाकडे ‘नेटवर काहीही असतं’ यापेक्षा चांगलं उत्तर हवं.

शिक्षकांचे तीन-चार गट करा आणि सगळ्यांना एकच प्रश्न द्या: बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर किती वर्षांपूर्वी तयार झालं? पंधरा मिनिटं द्या आणि कुणी काय काढलं ते फळ्यावर लिहा. एका गटाचं उत्तर येईल सुमारे ५०-५२ हजार वर्षं. दुसऱ्याचं येईल सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं. दहापटीहून जास्त फरक! इथे थोडा वेळ गप्प राहा आणि शिक्षकांना वाद घालू द्या.

मग त्यांना पुढचा प्रश्न द्या: हा आकडा कुणी काढला, कधी आणि कसा? पुन्हा शोध घेतला की उलगडा होतो. उल्का बेसॉल्ट खडकावर आदळून हे विवर झालं, यावर दोन्हीकडे एकमत आहे. खडकातल्या साठलेल्या ऊर्जेचा प्रकाश मोजण्याच्या पद्धतीने आधी सुमारे ५२ हजार वर्षं हे वय निघालं होतं. पुढे आघाताने वितळून काच झालेल्या खडकातल्या अर्गॉन वायूच्या समस्थानिकांवरून ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं आलं. म्हणजे कुठल्याच संकेतस्थळाने थाप मारलेली नाही. बऱ्याच पानांवर जुना आकडा तसाच उतरवला जात राहिला आहे.

आता शिक्षकांना विचारा, मुलांना काय सांगाल? ‘पाठ्यपुस्तकात असेल ते’ हे उत्तर हमखास येईल. परीक्षेपुरतं ते ठीक आहे. पण आठवीतल्या मुलाला दोन्ही आकडे, दोन्ही पद्धती आणि त्यांतली नंतरची कोणती हे सांगता येतं, आणि विज्ञान पुढे कसं सरकतं हे त्याला एका उदाहरणात दिसतं.

याच सरावाचा दुसरा भाग: जून २०२० मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं. त्या वेळी तऱ्हेतऱ्हेचे संदेश फिरले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासले तेव्हा अतिखारट पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव हे त्याचं कारण निघालं. एखादा व्हायरल संदेश आणि ही बातमी शेजारी ठेवा आणि शिक्षकांना संदेशाचा मूळ धागा शोधायला लावा. बहुतेक वेळा मूळ सापडतच नाही. ते न सापडणं हीसुद्धा एक माहितीच आहे.

इथे एक संशोधन सांगण्याजोगं आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठात सॅम वाइनबर्ग आणि साथीदारांनी इतिहासाचे तज्ज्ञ, विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्य-तपासनीस यांना अनोळखी संकेतस्थळं तपासायला दिली. तज्ज्ञ आणि विद्यार्थी त्या पानावरच रेंगाळले, त्याची मांडणी आणि भाषा पाहून मत बनवत राहिले. तपासनीसांनी लगेच पान सोडून नवे टॅब उघडले आणि ‘या संस्थेबद्दल इतर काय म्हणतात’ हे पाहिलं. तेच जास्त अचूक ठरले, आणि वेळही त्यांनाच कमी लागला. ही युक्ती शिक्षकांकडून त्याच दिवशी करून घ्या: अनोळखी पान दिसलं की ते वाचण्याआधी त्याच्याबद्दल बाहेर काय लिहिलंय ते शोधायचं.

चॅटबॉटच्या उत्तरांनाही हाच नियम लावा. प्रश्नपेढी बनवायला किंवा सोपा उतारा लिहून घ्यायला शिक्षक ही साधनं वापरू लागले आहेत आणि वेळ वाचत असेल तर वापरावीत. पण सनावळ्या, आकडे आणि मराठी शुद्धलेखन तपासल्याशिवाय त्यातला मजकूर फळ्यावर जाता कामा नये.

पाठाचं टाचण: पडदा आठ मिनिटं, वही पंधरा मिनिटं

दुपारच्या सत्रात प्रत्येकाने आपल्या घटकाचं टाचण करायचं. त्याआधी एक पूर्ण नमुना तुम्ही करून दाखवा. मी उजनी धरणाचा पाठ सुचवतो.

सहावीच्या गणितात पूर्णांक संख्या येतात. ‘उणे पाच’ म्हणजे काय हे मुलांना पटत नाही. शून्याखाली काही असतं हेच मान्य नसतं. उन्हाळ्यात मात्र ‘उजनी उणे ३० टक्क्यांवर’ अशा बातम्या त्यांच्या कानावर पडत असतात, सोलापूर-धाराशिवच्या मुलांच्या तर घराघरात. उजनीची एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे. त्यातला खालचा सुमारे ६३.५ टीएमसी मृतसाठा (एरवी न वापरायचं तळाचं पाणी) आणि वरचा सुमारे ५३.५ टीएमसी उपयुक्त साठा. पातळी मृतसाठ्याच्या रेषेवर आली की ते शून्य टक्के. त्याखालचं पाणी वापरलं जाऊ लागलं की टक्केवारी उणे होते.

३५ मिनिटांची तासिका अशी:

पहिली ५ मिनिटं पडदा बंद. फळ्यावर प्रश्न: ‘उजनीत उणे ३० टक्के पाणी आहे. म्हणजे धरण कोरडं पडलं का?’ प्रत्येक मुलाने वहीत हो किंवा नाही लिहायचं आणि एका ओळीत कारण द्यायचं. आधी अंदाज लिहिलेलं मूल नंतर पडद्याकडे उत्तर शोधायच्या नजरेने पाहतं, म्हणून ही ५ मिनिटं कापू नका.

पुढची ८ मिनिटं पडदा. जलसंपदा विभागाचा धरणसाठ्याचा रोजचा तक्ता उघडा. मुलांनी उजनीची ओळ शोधायची आणि आजचे आकडे वहीत उतरवायचे. पावसाळा असेल तर आकडा अधिक येईल, म्हणून मे महिन्यातल्या तक्त्याचा स्क्रीनशॉटही दाखवा. सरकारी संकेतस्थळं ऐन वेळी उघडत नाहीत, त्यामुळे आजच्या तक्त्याचाही स्क्रीनशॉट सकाळीच काढून ठेवा.

मग १५ मिनिटं पडदा बंद आणि वही उघडी. मुलांनी उभी संख्यारेषा काढायची, मृतसाठ्याची रेषा म्हणजे शून्य. ५३.५ चे ३० टक्के म्हणजे सुमारे १६ टीएमसी. तेवढं शून्याच्या खाली मोजायचं. ६३.५ मधून १६ वजा केले तर धरणात अजून सुमारे ४७.५ टीएमसी पाणी आहे! एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३१ कोटी लिटर. ज्याने ‘धरण कोरडं’ लिहिलं होतं, तो स्वतःचं उत्तर स्वतःच्या हाताने बदलतो.

शेवटची ७ मिनिटं चर्चा: हे शून्य कुणी ठरवलं? शून्य वेगळ्या ठिकाणी मानलं असतं तर? मग मृतसाठ्यातलं पाणी का वापरावं लागतं, यावर मुलं स्वतःहून बोलू लागतात. गणिताचा तास परिसर अभ्यासाकडे वळला तर वळू द्या.

पाहा, ३५ पैकी इंटरनेट ८ मिनिटं आहे. टाचण तपासताना याच प्रमाणाकडे लक्ष ठेवा. सगळा तास व्हिडिओ चालणार असेल तर विचारा, ‘सर, या वेळात मुलाच्या वहीत काय उतरेल?’ क्यूआर कोड स्कॅन करून आठ मिनिटांचा व्हिडिओ सलग लावण्याऐवजी तो दोन-तीन ठिकाणी थांबवून ‘आता पुढे काय होईल?’ विचारायचं. कुठे थांबवायचं ती मिनिटं टाचणात लिहिलेली हवीत. प्रत्येक टाचणाच्या शेवटी ‘नेट गेलं तर’ अशी एक ओळ सक्तीची करा.

रेंज नसलेल्या शाळांसाठी

या शाळांच्या शिक्षकांना वेगळ्या टेबलावर बसवा आणि त्यांच्याकडून तिथेच डाउनलोड करून घ्या. ‘किविक्स’ या मोफत अ‍ॅपवर मराठी विकिपीडिया पूर्ण उतरवून ठेवता येतो. इंग्रजीच्या मानाने त्याची फाइल खूप लहान असल्याने साध्या मेमरी कार्डात मावते आणि नंतर नेट लागत नाही. फेटची सदृशीकरणं उतरवून ब्राउझरमध्ये ऑफलाइन चालतात. दीक्षावरचं बरंचसं साहित्य अ‍ॅपमध्ये साठवता येतं. तालुक्याच्या ठिकाणी आठवड्यातून एकदा येणं-जाणं असतंच, तेव्हा पुढच्या आठवड्याचं साहित्य भरून आणायची सवय लागली की रेंजचा प्रश्न बराच सैल होतो.

एकच फोन असलेल्या बहुवर्ग शाळेत पडद्याभोवती सगळ्यांना बसवू नका. गट करा: एक गट फोनवर, दुसरा पुस्तकावर, तिसरा प्रत्यक्ष वस्तूंवर, आणि दहा-दहा मिनिटांनी अदलाबदल. फोन असलेल्या गटाला लेखी प्रश्न द्या, नाहीतर सगळ्यात धीट मूल फोन धरून बसतं आणि मुली मागे राहतात. फोन कुणाच्या हातात आहे यावर मुद्दाम लक्ष ठेवा.

मुलांची सुरक्षितता

मुलांचे फोटो, पूर्ण नाव, शाळा आणि गाव एकत्र कुठेही टाकायचे नाहीत. ‘उपक्रमाचे फोटो ग्रुपवर पाठवा’ ही मागणी वरून येते हे मला ठाऊक आहे. तिथे मुलांचे चेहरे न दिसणारे, वह्या आणि तक्ते दाखवणारे फोटो द्यावेत. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीचं तत्त्व घातलं आहे, म्हणून मुलाच्या नावाने कुठल्याही अ‍ॅपवर खातं उघडण्याआधी पालकांशी बोलायचं. वर्गात लावायचा व्हिडिओ शेवटपर्यंत आधी पाहायचा, ऑटोप्ले बंद करायचा, आणि जमेल तेव्हा डाउनलोड करूनच लावायचा, म्हणजे मध्येच जाहिरात येत नाही. शिक्षकाचा हात बसेपर्यंत मुलांसमोर थेट शोध नको. पैशांची फसवणूक झाली तर १९३० हा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक शिक्षकांनाही माहीत असावा आणि मोठ्या मुलांनाही.

आणि घरी मोबाइल लागेल असा गृहपाठ द्यायचा नाही. टाळेबंदीत एका फोनवर तीन भावंडं आणि तो फोन घेऊन बाप कामावर, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. इंटरनेटचं काम शाळेत सुरू व्हावं आणि शाळेतच संपावं.

पाठ घेणं, पाहणं आणि पुन्हा बसणं

पहिल्या दिवसाच्या शेवटी डी.एड.ला केलेलं सूक्ष्म अध्यापन आठवायला सांगा. प्रत्येकाने आपल्या पाठाची फक्त पडद्याची सात-आठ मिनिटं इतरांपुढे घ्यायची. केबल लागत नाही, आवाज येत नाही, मागच्या बाकावरून अक्षर दिसत नाही, या अडचणी इथेच निघू द्या. वर्गात निघाल्या की शिक्षकाचा हुरूप जातो.

पुढच्या दोन-तीन आठवड्यांत प्रत्येकाने पाठ घ्यायचा आणि शेजारच्या शाळेतल्या एका शिक्षकाने तो पाहायचा. शिक्षक-प्रशिक्षणाचे अभ्यासक ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांनी १९८० च्या दशकातच दाखवून दिलं होतं की नुसतं सांगून आणि करून दाखवून नवी पद्धत वर्गापर्यंत फारशी पोहोचत नाही. सहकाऱ्याची सोबत मिळाली की पोहोचते. पाहणाऱ्याने गुण द्यायचे नाहीत. तीनच गोष्टी टिपायच्या: पडदा किती मिनिटं चालू होता, त्या वेळात मुलं काय करत होती, आणि कोणत्या मुलाने काय प्रश्न विचारला. केंद्रप्रमुखांनी या भेटींना अधिकृत परवानगी द्यावी, नाहीतर त्या होत नाहीत. द्विशिक्षकी शाळेत तर एक शिक्षक बाहेर गेला की सगळे वर्ग दुसऱ्यावर येतात, तिथे केंद्रप्रमुखांनीच पाठ पाहायला जावं.

अर्ध्या दिवसाच्या बैठकीला शिक्षकांनी मुलांच्या पाच वह्या आणायच्या. हुशार मुलांच्या निवडून आणलेल्या नकोत, हजेरीपटावरचे कोणतेही पाच क्रमांक तुम्हीच आदल्या दिवशी कळवा. वह्या टेबलावर मांडा आणि वाचा. उजनीच्या पाठात किती मुलांनी आपला पहिला अंदाज दुरुस्त केला? कुणाची संख्यारेषा उलटी आहे? पाठ कुठे बदलायचा हे इथे दिसतं. किती लिंक उघडल्या, अ‍ॅपवर किती मिनिटं गेली, किती प्रमाणपत्रं निघाली, या आकड्यांची विचारणा झाली तर द्या, पण प्रशिक्षण चाललं की फसलं हे वह्यांवरून ठरवा.

दुरुस्त झालेली टाचणं केंद्राच्या एकाच फोल्डरमध्ये ठेवा. फाइलचं नाव इयत्ता, विषय, घटक या क्रमाने द्या, सोबत स्क्रीनशॉट आणि डाउनलोड केलेलं साहित्य असू द्या. वर्षभरात दर शिक्षण परिषदेला दोन-तीन पाठ वाढले तरी पुष्कळ. संकेतस्थळं बदलतात, पत्ते बंद पडतात, पुस्तकंही बदलतात. म्हणून हे फोल्डर सांभाळणाऱ्या दोन शिक्षकांची नावं ठरवून द्या आणि त्यांनी उन्हाळी सुटी संपायच्या आत प्रत्येक लिंक एकदा उघडून पाहावी. जी उघडत नाही तिची नवी लिंक शोधावी, आणि नवी मिळाली नाही तर तो पाठ यादीतून काढून टाकावा.